'एकटीच गिगला जाते, हे विचित्र दिसतं का?'

*प्रिय ताई,*

*मी ३१ वर्षांची. मूळची कोल्हापूरची, नोकरीनिमित्त पुण्यात राहते. कॉलेजात असताना एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला गेले आणि तेव्हापासून नाद लागला तो लागलाच. महिन्यातून दोन-तीनदा तरी कुठल्या ना कुठल्या इंडी, म्हणजे आपली गाणी आपणच काढणाऱ्या, बँडला ऐकायला जाते. नवीन गाणं सापडलं की वहीत लिहून ठेवते: कुणाचं, कुठे ऐकलं, कुठली ओळ आवडली. पूर्वी आम्ही पाच मैत्रिणी मिळून जायचो. आता कुणाचं लग्न झालंय, कुणाला बाळ झालंय, एक परदेशी गेली. त्यामुळे मी एकटीच जाते. ग्रुपवर गाणी पाठवते, निळ्या टिका दिसतात, उत्तर कुणाचंच येत नाही. दादा म्हणतो, "वय झालं आता, कॉलेजातली थेरं पुरेत. आणि ती इंग्रजी गाणी आम्हाला नकोत." मी घरी पोचल्याचा मेसेज येईपर्यंत आई झोपत नाही. मध्ये एक स्थळ आलं होतं. त्या मुलाने विचारलं, "लग्नानंतरही हे चालू ठेवणार?" मला उत्तरच देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहते, तेवढं सोडलं तर मला या सगळ्याचा काही त्रास नाही. हे आता कमी करायला हवं का?*

*ता. क. दादाची चौदा वर्षांची मुलगी तेवढी विचारते, "आत्या, काल कोण होतं गं?"*

*– गाणंवेडी, पुणे*

प्रिय गाणंवेडी,

कमी करू नकोस. पत्र वाचताना सारखं वाटत होतं की तू माझ्याकडे परवानगी मागते आहेस. तुझ्या पगारातून, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, कुणाचं काही न अडवता तू गाणं ऐकायला जातेस. त्याला परवानगी लागत नाही. बाकी चार गोष्टी मात्र तुझ्याशी सविस्तर बोलायच्या आहेत, आणि त्यातली कानांची गोष्ट तू जितक्या सहज लिहिलीस तितकी सहज नाही.

आधी दादाच्या 'वय झालं'बद्दल. तू राहतेस त्या पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. लाउडस्पीकरवर रात्री दहाची मर्यादा येण्याआधी तिथल्या मैफली पहाटेपर्यंत चालायच्या. सतरंजी, शाल, थर्मास घेऊन माणसं रात्ररात्र बसायची. साठी-सत्तरीतले लोक एकटे यायचे, आजही येतात. त्यांना कुणी 'थेरं' म्हणत नाही, उलट रसिक म्हणतं. कुणाची बंदिश कशी रंगली, कुणी कुठला राग घेतला, हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवणाऱ्यांचं घरात कौतुक होतं. तू वहीत लिहितेस ते याहून वेगळं काय आहे? गिटार आणि ड्रम्स आले म्हणून ऐकणाऱ्याची जात बदलत नाही.

आणि हे बँडचं वेडही काही काल-परवाचं नाही. मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला. धोबी तलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली कॉलेजची पोरं घामाघूम होऊन ऐकायची. ती पोरं आज पन्नाशी-साठीत आहेत. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवन बंद पडलं, पण त्यातले कितीतरी जण आजही जिथे कार्यक्रम असेल तिथे जातात. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड १९९० पासून वाजवतोय. त्यांच्या कार्यक्रमाला एकदा नीट मागे वळून बघ, पांढऱ्या केसांची माणसं डोळे मिटून उभी असतात. एकतीस म्हणजे या गर्दीत तू लहानच आहेस.

आता एकटीने जाण्याबद्दल. विचित्र दिसतं का, असं विचारलंस. अंधारात, स्टेजकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसांना शेजारी कोण एकटं आलंय याचा पत्ता नसतो. एकटीने जाण्याचे फायदे मात्र मोठे आहेत आणि ते तू अजून पुरते वापरलेले दिसत नाहीस. कुणाची वाट बघायची नसते, त्यामुळे सुरुवातीच्या बँडपासून हजर राहता येतं. ज्याच्यासाठी तिकीट काढलं त्याच्या आधी जो पंधरा-वीस माणसांसमोर वाजवतो, त्याला लवकर आलेल्या प्रत्येक माणसाची किंमत असते. आणि नवीन गाणी सापडतात तीही बहुतेक तिथेच. उभं कुठे राहायचं तेही सांगते: साउंड इंजिनियरच्या टेबलाजवळ. तो माणूस आपल्या कानाला जे ऐकू येतं त्यावरून सगळ्या वाद्यांचं प्रमाण जुळवत असतो, म्हणून हॉलमध्ये सर्वांत समतोल आवाज बहुधा तिथेच मिळतो. अगदी पुढे स्पीकरसमोर गेलीस तर बास छातीत भरतो, पण गाणाऱ्याचे शब्द हरवतात.

सोबत हवीच असेल तर ती त्या हॉलमध्येच शोध. तीन-चार कार्यक्रमांना तेच तेच चेहरे दिसायला लागतात. एखादी मुलगी दोनदा दिसली की तिसऱ्यांदा "तुम्ही त्या दिवशीही होतात ना?" एवढं विचारायला काही हरकत नाही. सोफार साउंड्सच्या बैठकाही करून बघ. २००९ मध्ये लंडनला सुरू झालेला हा प्रकार आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होतो. कोण गाणार हे आधी सांगत नाहीत, जागेचा पत्ताही आयत्या वेळी कळतो, लोक बहुतेक वेळा जमिनीवर बसून गप्प ऐकतात. अशा खोलीत एकटं आलेलं माणूस एकटं राहत नाही, कारण मध्यंतरात बोलायला सगळ्यांकडे एकच विषय असतो.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येते. पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली ओळ निळ्या टिकांची आहे. मला वाटतं, एकटीने जाण्याचं तुला फारसं काही वाटत नाही. घरी आल्यावर "अगं, काय होतं ते!" असं जिला सांगावं ती कुणी नाही, हे खुपतंय. ते खुपणं साहजिक आहे. पण त्यावर तू जो उपाय करतेस तो उलटा पडतोय.

पंगतीत आग्रह करकरून वाढणारी एखादी काकू असते ना, पहिली जिलबी संपायच्या आत दुसरी ताटात टाकणारी, तसं तुझं ग्रुपवर चाललंय. तुझा जीव असतो त्यात, पण समोरच्याने हात आडवा धरलाय. तू ते गाणं ऐकलंस तेव्हा समोर माणूस होता, बासचा ठोका जमिनीतून पायात येत होता, गाणाऱ्याने मध्येच डोळे मिटले ते तुला दिसलं होतं. तुझ्या मैत्रिणीला त्याच गाण्याची लिंक मिळते ती बाळाला झोपवताना, फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर. पहिल्या वीस सेकंदांत काही घडलं नाही की ती पुढे जाते. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडची गाणी तर अशीच, दोन-तीनदा ऐकल्याशिवाय आपली होतच नाहीत. मग ती मैत्रीण उत्तर काय देणार? आवडलं म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर तुला लागेल. ती गप्प बसते.

ग्रुपवर पाठवणं बंद कर. एका वेळी एक गाणं, एकाच माणसाला, आणि सोबत एकच ओळ: हे तुलाच का पाठवतेय. मग "ऐकलंस का?" असं विचारायचं नाही. जिला बाळ झालंय तिला पुण्याच्याच ईझी वाँडरलिंग्ज या बँडचं काहीतरी पाठव, त्यांच्या गाण्यांत मऊपणा आहे, रात्री दोन वाजता जागणाऱ्या बाईला तो चालेल. किंवा अरुणाचलचा ताबा चाके. तो न्यीशी भाषेतही गातो, शब्द कळत नाहीत आणि तरी बोटांनी छेडलेल्या तारा ऐकत राहाव्याशा वाटतात. परदेशी गेलेल्या मैत्रिणीला तुम्ही पाच जणींनी मिळून ऐकलेल्या बँडचं जुनं काहीतरी पाठव. तिला नवीन शोध नकोय, तिला तुम्ही हव्या आहात.

दादाला 'इंग्रजी गाणी' वाटतात, तर त्याला मराठीच ऐकव. क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' त्याने कुठल्या ना कुठल्या लग्नात ऐकलंच असेल. ते २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं, मराठी हाउस म्युझिक, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आहे ते, हे त्याला सांग. मग जरा वेगळ्या वाटेचं ऐकव: मुंबईचा 'स्वदेसी' हा हिप-हॉप गट. आरेच्या जंगलासाठी त्यांनी २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. हे ऐकून तो 'थेरं' म्हणेल असं मला वाटत नाही. म्हणाला तरी हरकत नाही. त्याला आवडायलाच हवं असं काही नाही, आणि ही अट तू मनातून काढल्याशिवाय तुमच्या दोघांतलं हे प्रकरण मिटायचं नाही.

आईसाठी 'अभंग रिपोस्ट'. मुंबईची मुलं आहेत, तुकोबांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम्सवर गातात. शब्द आईला पाठ असतील, चाल नवीन असेल. पण तिला पाठवण्याआधी एक कर. तिच्याकडून एक गाणं मागून घे. लग्नाआधी ती रेडिओवर काय ऐकायची, कुठल्या गाण्याला हातातलं काम थांबवायची, हे तुला माहीत आहे का? विचार, आणि ती सांगेल ते पूर्ण ऐक, वहीतही लिही. इतकी वर्षं तू सगळ्यांना गाणी देते आहेस. तुझ्या पत्रात कुणाकडून एकही गाणं घेतल्याचा उल्लेख नाही.

वहीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं बोलू दे, कारण पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. ती सोडू नकोस. स्पॉटिफाय हे गाण्यांचं अ‍ॅप दर सोमवारी तीस गाण्यांची यादी हातात ठेवतं, पण कुठल्या संध्याकाळी, कुणाशेजारी उभं राहून, बाहेर पाऊस असताना काय ऐकलं हे त्याला ठाऊक नसतं. आपल्याकडची ठिकाणं टिकत नाहीत. मुंबईत लोअर परळला ब्लू फ्रॉग हा क्लब २००७ मध्ये सुरू झाला, तिथे काय काय वाजलं, आणि दहा वर्षंही पुरी झाली नाहीत तोवर बंद पडला. बँडही बदलतात. 'द लोकल ट्रेन' या बँडमधून गायक रमण नेगी २०२२ मध्ये बाहेर पडला. त्याआधीचा त्यांचा एखादा कार्यक्रम तुझ्या वहीत असेल, तर ती नोंद आता जपून ठेवण्यासारखी आहे. म्हणून जरा जास्त लिही. बासवर कोण होतं, कुठलं गाणं मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं, अजून रेकॉर्ड न झालेलं काय वाजवलं. हे बाकी कुठेच लिहिलेलं नसतं.

पण एक खटकलं. दर वेळी नवीन, पुन्हा नवीन. महिन्यातला एक आठवडा काहीही शोधू नकोस. वहीचं जुनं पान उघड आणि त्यातला एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, ज्या क्रमाने बँडने लावला त्याच क्रमाने ऐक. बंगळूरच्या परवाझ या बँडचा 'बरान' असा ऐकून बघ. सुटं गाणं ऐकताना जे निसटतं ते तिथे सापडतं. नव्या गाण्याच्या मागे धावताना, आवडलेलं गाणं आपल्या आत मुरायला वेळच मिळत नाही.

गाण्यांचा प्रसार करायची तुझी तळमळ कलाकारांच्या प्रेमापोटी असेल, तर तिला आणखी एक चांगली वाट आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. छोट्या बँडची कितीतरी गाणी या रेषेखाली राहतात. तू शंभर जणांना लिंक पाठवलीस आणि दहा जणांनी अर्धं ऐकलं, तर त्या बँडच्या हाती काही लागत नाही. तू वेळेवर तिकीट काढतेस, कार्यक्रमानंतर टेबलावरचा टी-शर्ट घेतेस, बँडकॅम्प या कलाकारांची गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर अल्बम विकत घेतेस, तेव्हा लागतं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ठेवतं, बाकीचे, पैसे भरण्याचा खर्च वजा जाता, कलाकाराला जातात. मार्च २०२० पासून ते अधूनमधून ठरावीक शुक्रवारी आपला हिस्साही सोडतात. अशा शुक्रवारी खरेदी कर. आणि फुकट आत जायला 'गेस्ट लिस्टवर नाव टाकतोस का?' असं कुणा ओळखीच्या ड्रमरला विचारत असशील तर ते थांबव.

आता कान. ही गोष्ट तू शेपटीसारखी एका वाक्यात उरकलीस. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजणं म्हणजे कानाला झेपलं नाही. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या आवाज पकडून मेंदूकडे पोचवतात. एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं सर्वसाधारण गणित आहे, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० ला पोचेपर्यंत हातात पंधरा मिनिटं उरतात. क्लबमधला बँड १०० ला सहज पोचतो आणि तू तिथे दोन-तीन तास असतेस, महिन्यातून दोन-तीनदा, कॉलेजपासून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी मानक काढलं, त्यात १०० ही सरासरीची कमाल मर्यादा धरली आहे आणि मध्ये कानाला विसावा मिळेल अशी शांत जागा असावी असंही म्हटलंय. आपल्याकडे ते किती जण पाळतात हे तू माझ्यापेक्षा जास्त बघतेस.

पुढच्या कार्यक्रमाआधी संगीतासाठी मिळतात ते फिल्टरवाले इअरप्लग घे. फोमच्या बोळ्यांनी सगळं गढूळ ऐकू येतं, यांनी आवाज फक्त खाली येतो, गाणं शाबूत राहतं. पहिल्या दिवशी विचित्र वाटेल, नंतर वाटणार नाही. आवाज असह्य झाल्यावर घालायचे नसतात, आत शिरतानाच घालायचे. दोन बँडच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं बाहेर जाऊन ये. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावू नकोस. आणि शिट्टी दर वेळी वाजते असं तुझ्या पत्रावरून दिसतंय, तेव्हा या महिन्यातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घे. तुला साठाव्या वर्षीही ऐकायचं आहे.

आईला जागावं लागतं त्यावर सोपा तोडगा आहे. "येते लवकर" म्हणू नकोस, वेळ सांग. मैदानातला कार्यक्रम दहाच्या नियमामुळे सहसा दहालाच संपतो, बंद हॉलमधला उशिरापर्यंत चालतो. तिकीट काढतानाच परतीचं ठरवून ठेव, शेवटचं गाणं चालू असतानाच गाडी बोलव, गाडीचा नंबर आईला पाठव. सांगितलेल्या वेळेला दोन-तीन महिने पोचत राहिलीस की तिची काळजी कमी होईल. ती तुझ्या गाण्याच्या विरोधात नाही, तिला फक्त घड्याळाचा भरवसा हवाय.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. पुढच्या वेळी कुणी विचारायच्या आधीच, पहिल्याच भेटीत सांग: मी महिन्यातून दोन-तीनदा गाणं ऐकायला जाते, लग्नानंतरही जाईन, तुला यावंसं वाटलं तर ये. ज्याला ते चालणार नाही त्याला ते तेव्हाच कळलेलं दोघांसाठी बरं. आणि त्याला क्रिकेटचं वेड असेल, डोंगर चढायचं असेल, तर त्याच्याकडूनही तुझी हीच अपेक्षा नसणार ना, की लग्नानंतर सोडून दे?

राहता राहिली ता. क. मधली ओळ. सगळं पत्र 'कुणी विचारत नाही' म्हणतं आणि शेवटी, घाईत, विचारणारी एक जण निघते. तिला तू काय उत्तर देतेस ते लिहिलं नाहीस. बँडचं नाव सांगून सोडून देत असशील तर पुढच्या वेळी कोल्हापूरला जाशील तेव्हा वही घेऊन जा. तिला पानं चाळू दे. तिने बोट ठेवलं तेच गाणं तिला लावून दे, तुझं आवडतं लावू नकोस. ती काय ऐकते तेही ऐकून घे, अगदी तुला न पटणारं कोरियन पॉप असलं तरी.

प्रत्यक्ष नेण्याची घाई नको. दारू मिळते त्या बहुतेक ठिकाणी एकवीसच्या आतल्यांना रात्री घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नाट्यगृहातला किंवा दुपारचा, सर्व वयांना खुला असलेला कार्यक्रम शोध. तिकिटावर वयाची अट लिहिलेली असते, काढण्याआधी वाच. दादाला आधी विचार, आणि त्याच्यासाठीही एक तिकीट काढ. तो "मला नको" म्हणेल. पोरीला एकटं पाठवायचं नाही म्हणून येईल.

– तुझी ताई